शेवटच्या लोकलपर्यंतचा अभ्यास

महिन्यातल्या एखाद्या गुरुवारी कुलाबा, काळा घोडा आणि फोर्टातली खासगी कलादालनं नेहमीपेक्षा उशिरापर्यंत उघडी असतात. जुन्या इमारतींचे लाकडी जिने चढायचे, काचेचं दार ढकलायचं आणि आत जायचं. तिकीट नसतं. कोणी ओळख विचारत नाही. तरीही मुंबईत आयुष्य काढलेली कितीतरी माणसं या दारांतून कधी आत गेलेली नाहीत, कारण ‘आपल्याला परवानगी असेल का’ ही शंकाच पुरेशी असते.

या गर्दीत फॅशन शिकणारी मुलं ओळखायला वेळ लागत नाही. कोणाच्या अंगात आजोबांच्या धोतराचा शर्ट असतो, कोणी साध्या कुर्त्याची कॉलर उलटी लावलेली असते. चित्राजवळ ती सगळ्यांपेक्षा पुढे जाऊन उभी राहतात आणि कॅनव्हास चौकटीवर कसा ताणलाय, कडेला कसा दुमडलाय ते पाहतात. मग मागे वळून चित्र बघणाऱ्यांच्या बाह्या, खांद्याचे जोड, पँटीचे घोळ बघतात. एखादं वाक्य, एखादी रंगसंगती फोनमध्ये टिपतात आणि पुढच्या जिन्याकडे निघतात.

अशा मुलामुलींबरोबर हिंडल्यावर मी एक गोष्ट ठामपणे म्हणू लागले आहे. प्रदर्शनं, गाण्याच्या मैफली, मित्रांबरोबर रस्त्यावर काढलेल्या रात्री हा त्यांच्या शिक्षणाचा भाग आहे. वेळापत्रकात त्याचा तास नाही, त्याला गुण नाहीत. आणि तो कोणाच्या वाट्याला येतो हे हुशारीवर ठरत नाही. ते हॉस्टेलचं गेट किती वाजता लागतं, घर कुठल्या लाइनवर आहे, आणि आपण मुलगा आहोत की मुलगी यावर ठरतं.

या मुलांमधली एक इचलकरंजीची आहे. तिच्या इच्छेनुसार तिचं नाव देत नाही. नवी मुंबईत ती फॅशन डिझाइन शिकते आणि तिथेच एका खोलीत चौघीजणी राहतात. इचलकरंजीत 1904 साली विठ्ठलराव दातारांनी पहिला यंत्रमाग बसवला आणि पुढे ते सगळं गावच मागांचं झालं. हिच्या घरामागच्या शेडमध्येही माग आहेत. बीम, कांडी, सायझिंग हे शब्द तिला बाराखडीबरोबरच आले. सूत हाताला लागलं की साधारण कितीचा काउंट असेल ते ती सांगते. वर्गातल्या शहरी मुलींना हे जमत नाही. पण कापड म्हणजे मीटरवर मोजून गठ्ठ्यात बांधायचा माल, एवढंच तिनं पाहिलेलं. कापडाचा एक तुकडा भिंतीवर टांगून, त्यावर दिवा सोडून, त्याच्यासमोर माणसं गप्प उभी राहतात हे तिला मुंबईत आल्यावर दिसलं.

ते तिनं पहिल्यांदा पाहिलं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात. जॉर्ज विटेटनं आराखडा केलेली ही इमारत 1922 साली लोकांसाठी उघडली. शाळेच्या सहलीतून आलेली मुलं इथे ममी शोधत धावतात आणि वस्त्रांपुढून भरकन निघून जातात. फॅशनची मुलं मात्र तिथेच थांबतात. ही मुलगी जुन्या पैठणीसमोर गुडघ्यांवर बसून खालून वर बघत होती, कारण तिला पदराची मागची बाजू बघायची होती. पैठणीच्या पदरावरचे मोर, मुनिया, वेलबुट्टी वेगळ्या भरतकामानं काढलेल्या नसतात. रंगीत बाण्याचे धागे एकमेकांत अडकवत ती नक्षी विणूनच उभी करतात. म्हणून चांगल्या हातमागाच्या पैठणीच्या उलट-सुलट दोन्ही बाजू जवळजवळ सारख्याच दिसतात. यंत्रमागावर निघालेल्या नकली पदराच्या मागे तरंगते धागे लोंबतात. तिला हा फरक पुस्तकातून माहीत होता. तरी त्या दिवशी पहारेकऱ्यानं दोनदा मागे व्हायला सांगेपर्यंत ती हलली नाही.

भायखळ्याच्या राणीच्या बागेला लागून असलेलं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयही असंच दुर्लक्षित. 1872 साली ते व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्हणून सुरू झालं, 1975 मध्ये त्याला भाऊ दाजींचं नाव मिळालं. इथे मुंबईतल्या नाना जातीजमातींच्या माणसांच्या मातीच्या छोट्या मूर्ती आहेत. पगडी कशी बसते, अंगरख्याचा बंद कुठल्या बाजूला येतो, नऊवारीचा काष्टा मागून कसा दिसतो हे छायाचित्रात कळत नाही, कारण छायाचित्राला मागची बाजू नसते. फिरून बघायला मूर्ती हवी. शेजारीच सातव्या एडवर्डचा तो मूळ काळा घोडा उभा आहे. 1965 मध्ये त्याला फोर्टातून हलवलं, तरी त्या चौकाचं नाव तसंच राहिलं. 2017 मध्ये तिथे स्वार नसलेला नवा घोडा बसवला आणि दर वर्षी जानेवारी-फेब्रुवारीत त्याच्या आसपास काळा घोडा कला महोत्सव भरतो. 1999 पासून चालत आलेला हा महोत्सव फुकट असतो, आणि ज्यांच्या खिशात परतीचा पासच आहे त्यांच्यासाठी हे ‘फुकट’ फार मोलाचं आहे.

2023 च्या वसंतात मुंबईतल्या फॅशनच्या मुलांना झोप नव्हती. 30 मार्चला गेटवे ऑफ इंडियासमोर दिओरचा शो झाला. मारिया ग्राझिया क्युरीच्या त्या कपड्यांमागे मुंबईच्याच चाणक्य स्कूल ऑफ क्राफ्टचे हात होते, आणि गेटवेच्या कमानीत भरतकामाचं प्रचंड तोरण बांधलं होतं. दुसऱ्याच दिवशी बीकेसीत नीता मुकेश अंबानी कल्चरल सेंटर उघडलं आणि तिथे ‘इंडिया इन फॅशन’ हे प्रदर्शन लागलं. हॅमिश बोल्सनं रचलेल्या त्या प्रदर्शनात भारतीय छिटं, मलमल, काश्मिरी शाली युरोपच्या कपाटात कशा शिरल्या आणि तिथल्या शिंप्यांनी त्यांचं काय केलं हे शतकाशतकानं उलगडत जायचं. काश्मिरी शालीची कोयरी स्कॉटलंडमधल्या पेझली गावात यंत्रावर निघू लागली आणि जगानं त्या नक्षीला त्या गावाचंच नाव दिलं, ही गोष्ट मुलांनी वर्गात ऐकलेली असते. तिथे ती अंगावर आली. त्या प्रदर्शनातून बाहेर पडलेल्या मुलांशी बोलताना मला जाणवलं की त्यांना अभिमानाइतकाच रागही आला होता. छिटाला रंग चढवणारा, शालीची किनार विणणारा यांची नावं कोणी टिपून ठेवली नाहीत. त्या रागाचं पुढे काय करायचं हा प्रश्न त्यांच्यापैकी काहींनी गंभीरपणे घेतला आहे. आपल्या प्रकल्पाच्या शेवटच्या पानावर आता ती कटिंग मास्टर आणि आरीनं भरतकाम करणाऱ्या कारागिराचं पूर्ण नाव छापतात.

चित्रं बघत बघत कपड्याकडे वळण्याची ही वाट मुंबईत नवी नाही, आणि ती पहिल्यांदा चाललेली बाई आपल्या कोल्हापूरची होती. भानुमती राजोपाध्ये 1929 मध्ये तिथे जन्मली. वडील अण्णासाहेब चित्रकार होते. ते लवकर गेले. मुलगी मुंबईला सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये आली, चित्रकलेत चमकली, आणि 1953 मध्ये प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपच्या प्रदर्शनात तिची चित्रं लागली. पण पोट भरायला ती मासिकांसाठी फॅशनची रेखाटनं करत होती. रेखाटनातून शिवणाकडे, तिथून सिनेमाकडे. 1956 च्या ‘सी.आय.डी.’पासून पुढे जवळजवळ अर्धं शतक तिचं भानू अथैया हे नाव श्रेयनामावलीत दिसत राहिलं. ‘गांधी’साठी जॉन मोलोबरोबर तिला ऑस्कर मिळालं, ते मिळवणारी ती पहिली भारतीय.

पुरस्काराची बातमी सगळ्यांना माहीत आहे. मला त्याहून महत्त्वाची वाटते ती तिची बघण्याची पद्धत. ‘आम्रपाली’च्या वेळी ती अजिंठ्याला गेली आणि भित्तिचित्रांतली वस्त्रं अंगावर कशी बसतात, गाठ कुठे पडते, कापड कुठे सुटतं याचा तिनं अभ्यास केला. आणि तीच बाई 1968 च्या ‘ब्रह्मचारी’त मुमताजला नारिंगी साडी नेसवते तेव्हा ती साडी शिवलेली असते, झिप लावलेली, कारण त्या नाचात सुटी साडी टिकली नसती. एकीकडे अजिंठा, दुसरीकडे रात्रीच्या पार्टीत घाम गाळून नाचणारं शरीर. दोन्ही नीट पाहिल्याशिवाय ती साडी सुचत नाही. आजही कॉलेजच्या पार्टीला एखादी मुलगी घट्ट चापून बसवलेली नारिंगी साडी नेसून येते आणि मैत्रिणी तिला ‘मुमताज’ म्हणून हाक मारतात. त्यामागे कोल्हापूरच्या राजोपाध्यांची लेक आहे हे त्यांच्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असतं. इचलकरंजीच्या मुलीला ते ठाऊक आहे. अथैयांचं गाव तिच्या गावापासून एसटीनं तासाभरावर, ही गोष्ट तिनं मला पुन्हा पुन्हा सांगितली.

प्रभाकर बरव्यांची वाट उलटी. रायगडातल्या नागावात जन्मलेला हा चित्रकार 1961 पासून विणकर सेवा केंद्रात नोकरी करत होता, आधी बनारसला आणि मग मुंबईत. हातमागाच्या विणकरांना नवे आकृतिबंध देण्यासाठी उभारलेल्या या केंद्रांत त्या काळी अनेक चित्रकार होते. 2019 मध्ये राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयाच्या मुंबई दालनात बरव्यांचं मोठं प्रदर्शन भरलं. पाण्यासारखा सपाट रंग आणि त्यावर एकेकटी ठेवलेली वस्तू, एखादं पान, एखादं घड्याळ, हे बघताना मला वाटत राहिलं की मागावर मोकळ्या जागेची किंमत कळलेल्या माणसालाच इतकं रिकामं ठेवण्याचं धाडस होतं. हे माझं मत. ‘कोरा कॅनव्हास’ हे त्यांचं मराठी पुस्तक फॅशन शिकणाऱ्या प्रत्येक मराठी मुलाच्या हाती द्यावं असं मात्र मला निश्चित वाटतं.

या मुलांची संध्याकाळ होण्याआधीची दुपार बाजाराची. मंगलदास मार्केट, मुळजी जेठा, भुलेश्वरच्या लेसवाल्यांच्या गल्ल्या, दादरला हिंदमाता. नमुन्यासाठी पाव मीटर मागणाऱ्या विद्यार्थ्यासाठी तागा उघडायला दुकानदार नाखूश असतो, म्हणून मुलं शेवटचे तुकडे शोधत फिरतात. ‘प्युअर कॉटन’ म्हणून दिलेल्या कापडाच्या कडेचे दोन धागे ओढून ती लायटरवर धरतात. सूत असेल तर कागद जळल्याचा वास येतो आणि मऊ राख पडते. रेशमाला केस जळल्याचा वास. पॉलिएस्टर वितळतं आणि त्याचा टणक काळा मणी होतो.

मग रात्र आणि गाणं.

लोअर परळच्या मथुरादास मिल कंपाऊंडमध्ये 2007 ते 2016 ‘ब्लू फ्रॉग’ होतं, आणि त्या पिढीतल्या मुलांनी जिवंत बँड ऐकायचा तर तिथे जायचं हे ठरलेलं असे. आजही त्या आवारात आणि आसपासच्या मिलच्या जमिनींवर रात्री बास घुमतो. जिथे मुलं नवं जॅकेट घालून नाचतात तिथे साचे चालायचे, तीन पाळ्यांत. 18 जानेवारी 1982 ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली जो गिरणी संप सुरू झाला, त्यात सुमारे अडीच लाख कामगार उतरले आणि त्यातले बहुतेक परत साच्यावर उभे राहिले नाहीत. फॅशनच्या मुलांना हा इतिहास परीक्षेपुरता शिकवतात. त्यांना एकदा त्या आवारातून दिवसा चालवत न्यावं, उरलेली चिमणी दाखवावी, आणि मग रात्री नाचायला सोडावं. नाचू नये असं मी मुळीच म्हणणार नाही, कारण गिरणगाव स्वतः नाचत होतंच. भजनी मंडळं, शाहिरी जलसे, कोकणातून आलेला दशावतार, गणपतीतले मेळे हे सगळं पाळी सुटल्यावर व्हायचं.

सिनेमावाले भगवानदादा याच जगातले. भगवान आबाजी पालव, गिरणी कामगाराचा मुलगा. त्यांच्या 1951 च्या ‘अलबेला’ या सिनेमाचं संगीत सी. रामचंद्र म्हणजे आपल्या चितळकरांचं. आणि त्या गाण्यांना तो झगमगीत क्लबचा रंग आला तो गोव्याच्या अँतोनियो झेवियर वाझमुळे. ताजच्या बॉलरूममध्ये ट्रम्पेट वाजवणारा हा माणूस ‘शिक चॉकलेट’ म्हणून ओळखला जायचा. रात्री हॉटेलात जॅझ आणि दिवसा स्टुडिओत सिनेमाची गाणी, हा अनेक गोवेकर वादकांचा दिनक्रम होता. 1949 च्या दारूबंदी कायद्यानं मुंबईच्या हॉटेलांतलं हे रात्रीचं जग आक्रसत गेलं, तेव्हा सिनेमानं त्यांना पोसलं. शिकचा बँड ‘अलबेला’त पडद्यावरही दिसतो. त्या वादकांच्या फुगीर, झालरीच्या बाह्या आजची मुलं थांबवून थांबवून बघतात आणि वहीत उतरवतात. भगवानदादांच्या नाचातली ती संथ पावलं तर लालबागच्या विसर्जन मिरवणुकीत अजून जिवंत आहेत.

आजचं संगीत कुर्ल्यातून, धारावीतून, अंधेरीच्या चाळींतून येतं. 2015 मध्ये डिव्हाइन आणि नेझीच्या गाण्यानंतर गल्लीतला रॅप सगळ्या शहरानं ऐकला. त्या मैफलींत जाणारी फॅशनची मुलं सांगतात की कपड्यांचा खरा धडा तिथे मिळतो. मोठ्या मापाचा टी-शर्ट खांद्यावरून किती उतरला की रुबाबदार आणि किती उतरला की उसना दिसतो, हे त्या पोरांना कोणत्याही पुस्तकाशिवाय कळतं. महागड्या मैफलींची गोष्ट वेगळी. जानेवारी 2023 पासून महालक्ष्मी रेसकोर्सवर लोलापलूझा भरतं, त्याचं तिकीट विद्यार्थ्याच्या महिन्याच्या खानावळीएवढं. तिथे मुलं स्वयंसेवक म्हणून शिरतात. लॅक्मे फॅशन वीकमध्ये तर पडद्यामागे मॉडेलांना कपडे चढवणारे हात बरेचदा विद्यार्थ्यांचेच असतात, आणि हुक अंधारात झटपट लागत नसेल तर डिझाइन फसलं, हे तिथे कळतं.

29 डिसेंबर 2017 ची रात्र मात्र विसरून चालणार नाही. मध्यरात्रीनंतर कमला मिल कंपाऊंडमधल्या गच्चीवरच्या उपाहारगृहांना आग लागली आणि 14 माणसं गेली. त्यात वाढदिवस साजरा करायला आलेली तरुण मुलं होती. फॅशन शिकणाऱ्या मुलांच्या आईबापांच्या मनात ती रात्र घट्ट बसली आहे. फोनवर ‘कुठे आहेस’ विचारताना त्यांना तीच दिसते. आता या गटातली एक मुलगी कुठल्याही ठिकाणी शिरली की आधी बाहेर पडायचा दुसरा दरवाजा बघते, आणि गर्दीच्या ठिकाणी पॉलिएस्टरची जाळी घालून जात नाही. वितळून कातडीला चिकटणारं कापड कोणतं, हे तिनं लायटरवर पाहिलेलं आहे.

आणि परतणं? जानेवारी 2020 मध्ये राज्य मंत्रिमंडळानं मुंबईत निवासी भागांबाहेरची दुकानं, मॉल, खानावळी रात्रभर उघड्या ठेवायला मान्यता दिली. दोन महिन्यांत टाळेबंदी आली. पण ती आली नसती तरी नवी मुंबईत राहणाऱ्या मुलीला त्याचा उपयोग काय होता? हार्बर लाइनची शेवटची गाडी मध्यरात्रीनंतर लवकरच सुटते, आणि हॉस्टेलं त्याच्याही कितीतरी आधी बंद होतात. मुलांच्या हॉस्टेलचं गेट उशिरापर्यंत उघडं आणि मुलींचं लवकर बंद, हा प्रकार आजही सर्रास आहे. म्हणजे दोघांनी सारखी फी भरायची आणि त्यातल्या एकालाच शहर बघायला मिळायचं. याला सुरक्षितता म्हणणं मला पटत नाही. रात्री महिलांच्या डब्यात पोलीस असतो, ही चांगली सोय आहे, आणि या मुली त्याच डब्यात धीटपणे बसतात. अडचण स्टेशनबाहेर सुरू होते, जिथे रिक्षा नसते आणि रस्त्यावरचे दिवे गेलेले असतात.

या शहराला बायकांची रात्र माहीत नाही असं तर नाहीच. गणपतीत लालबाग-परळला आजी, सून, नात पहाटेपर्यंत रांगेत उभ्या असतात, रस्त्यावर भजी खातात, लेकरं खांद्यावर झोपलेली असतात. अनंत चतुर्दशीला रेल्वे रात्रभर जादा लोकल सोडते. नवरात्रात बोरिवलीपासून घाटकोपरपर्यंत मुली घागरा-चोळीत घरी परततात आणि त्या दिवसांत कोणी त्यांना वेळ विचारत नाही. फॅशनच्या मुलींची तर त्या आठवड्यांत शिवणकामाची कमाई होते. दिवे, गर्दी, उघडी दुकानं, गाड्या असल्या की मुंबईची रात्र सगळ्यांची होते, हे दर वर्षी आपण बघतो.

तोवर मुली आपापली सोय लावतात. चमकत्या टॉपवर भावाचा ढगळ शर्ट चढवून लोकलमध्ये बसायचं, ठिकाणी पोचल्यावर तो काढून कमरेला बांधायचा, परतताना पुन्हा चढवायचा. इचलकरंजीच्या मुलीनं शेवटच्या वर्षाचा प्रकल्प यावरच घेतला आहे. दोन्ही बाजूंनी घालता येणारी जॅकेटं. एक बाजू गाडीसाठी, मळखाऊ आणि साधी, दुसरी मैफलीसाठी, आरीकामानं भरलेली. फोन, चावी, पास आणि पाण्याची छोटी बाटली मावेल असे खोल खिसे, कारण बायकांच्या कपड्यांना खिसे नसतात आणि रात्री पर्स सांभाळणं हा एक ताप असतो. अवघड भाग शिवणींचा. उलट-सुलट दोन्हीकडे शिवण दिसू द्यायची नाही, आणि भरतकामाची मागची गाठ कातडीला टोचता कामा नये. तो प्रश्न सोडवताना ती पुन्हा वस्तुसंग्रहालयात पैठणी बघायला गेली होती.

कापड तिनं बाजारातून घ्यायचं नाही असं ठरवलं आहे. वडील घरच्या मागावर सुती ग्रे, म्हणजे न रंगवलेलं कोरं कापड, काढून देणार आहेत. मुलीच्या या शिक्षणाबद्दल ते फारसं बोलत नाहीत, पण परवा त्यांनी फोन करून पन्हा किती ठेवायचा ते विचारलं. तिला हवा तेवढा रुंद पन्हा त्यांच्या जुन्या मागावर निघत नाही. म्हणून सध्या ती पॅटर्न नव्यानं आखते आहे. पाठीचा तुकडा अखंड न ठेवता मधोमध जोडायचा, आणि तो जोड लपवण्याऐवजी त्यावरूनच आरीकामाची एक सरळ ओळ खाली घ्यायची, असं तिच्या मनात आहे.